ससाण्याच्या मोसमात

ऑक्टोबर लागला की दुबईपलीकडच्या रास अल खैमात पहाटे गाड्यांच्या काचांवर दव धरायला लागतं. चार महिने ज्या बाल्कनीचं दार उघडायची हिंमत होत नाही, तिथे पुन्हा चहाचा कप घेऊन उभं राहता येतं. रस्त्यापलीकडच्या कॅम्पिंगच्या दुकानाबाहेर तंबू, शेगड्या, पाण्याचे कॅन, जाड चामड्याचे हातमोजे मांडले जातात आणि संध्याकाळी दुकानासमोर मोठ्या गाड्या तिरक्या उभ्या राहतात. इथल्या माणसांचा शिकारीचा मोसम जवळ आलेला असतो. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका या दिवसांत फराळाच्या भाजणीचं बोलायला लागतात. मला मात्र तीन वर्षांपूर्वीचा एक मोसम आठवतो आणि, खोटं कशाला बोलू, पोटात थोडंसं दुखतं.

हेवा शेजारणीच्या पैठणीचा करता येतो आणि तो बोलूनही दाखवता येतो. मत्सर पोथीतल्या षड्रिपूंच्या यादीत असतो. जळणं मात्र घरातलं. ज्याच्यामुळे आपण जळतो तो माणूस समोर बसून आमटी-भात खात असतो आणि त्याला पत्ताही नसतो. मी त्या वर्षी तीन महिने जळत होते. तेही एका पक्ष्यावर आणि एका लेन्सवर.

मिलिंद, माझा नवरा, इथल्या एका सिरॅमिकच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला आहे. मी दुसऱ्या एका कारखान्यात फरश्यांच्या शेड तपासते. दोन लॉट एकाच रंगाचे आहेत की एक किंचित पिवळट झालाय, हे दिवसभर पाहायचं. सोळा वर्षं मी बेज आणि बेजमधला फरक सांगून पगार घेते. आमची मुलगी सई तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिच्याशी मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा करार आहे.

मिलिंदच्या ऑफिसात सालेम नावाचा इमाराती सहकारी आहे, कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा. त्याचे वडील सगळ्या हयातीत ससाणे पाळत आलेले. इथे रानातल्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे दर हिवाळ्यात बापलेक रीतसर परवाने काढून बाहेरच्या देशात जायचे. त्या उन्हाळ्यात म्हाताऱ्याच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरने प्रवासाला साफ नाही म्हटलं. तेव्हा सालेम आमच्या घरी आला, खजुराचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मिलिंद भाई, तुम को सब मशीन समझता है. मेरा बाप नहीं जा सकता, तो शिकार इधर टीव्ही पे लाना है. कैमरा-विमरा सब तुम देखो."

मिलिंदने उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं नाही. एरवी तो नवीन बादली घेतानासुद्धा पाहतो.

लेन्स दुबईच्या अल क्वोजमधून आली. एका गोडाउनच्या पोटमाळ्यावर जुने कॅमेरे विकणारा कोणी होता. मी आणि सई खाली गाडीत एसी लावून बसलो. पाऊण तासाने मिलिंद एक काळी बॅग छातीशी धरून जिना उतरला. सई झाल्यावर हॉस्पिटलमधून बाहेर येताना तो असाच चालत होता, प्रत्येक पायरी बघून.

"कितीला पडली?" मी विचारलं.

"नऊ हजार दिरहम."

"म्हणजे दोन लाख सात हजार रुपये."

"सेकंडहँड आहे गं. नवी घेतली असती म्हणजे?"

मागच्या सीटवरून सई म्हणाली, "ममा, ही इज हॅपी. लेट हिम बी."

तो आनंदात आहे हे मलाही दिसत होतं. खुपत होतं ते तेच.

मग घरात एकेक वस्तू यायला लागली. गाडीच्या टपावर चिकटवायचे दोन छोटे कॅमेरे. हात हलला तरी चित्र हलू नये म्हणून एक दांडा. खिडकीच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवायची वाळूची उशी. वाळूच्या देशात वाळू भरलेली उशी विकत आणणारा माझा नवरा! ड्रोनचाही विचार झाला होता, पण परवानगीच्या भानगडी ऐकल्यावर तो खलास. आमचं जेवणाचं टेबल सहा जणांचं आहे. सप्टेंबरच्या अखेरीस त्यावर अडीच ताटं मावत होती. रात्रीची जेवणं झाली की मिलिंद दिव्याखाली बसून मऊ ब्रशने लेन्सवरची धूळ काढायचा. फुंकर घालायचा, ब्रश फिरवायचा, पुन्हा फुंकर. माझ्या डोळ्यात एकदा फरशीची कच गेली होती तेव्हा याच माणसाने मला, "थंड पाणी मार," असं दुसऱ्या खोलीतून सांगितलं होतं.

त्या वर्षी दुबईला मैत्रिणीकडे गणपतीला गेलो, तर याने तिथे लेन्स टेस्ट केली. घरी येऊन फोटो पाहिले. एका फोटोत मी होते. माझ्या नथीतला एकेक मोती लख्ख दिसत होता आणि नथीमागे मी धुकं होऊन उभी होते. "बघ काय शार्पनेस आहे," मिलिंद म्हणाला.

मोसमाआधी ससाण्याला तयार करतात. तो हट्टाने खाली येणार नाही इतका जड नको आणि अशक्त होईल इतका हलकाही नको, म्हणून रोज तराजूवर वजन होतं. सालेम सकाळी वजन कळवायचा आणि मिलिंद ते बाथरूमच्या दाराआडून मला सांगायचा. "आज नऊशे चाळीस!" दुसऱ्या दिवशी, "नऊशे पंचवीस, छान उतरतंय!" माझी थायरॉइडची गोळी जुलैमध्ये पन्नासवरून पंच्याहत्तर झाली होती. त्याला ते माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं हे खरं, पण गोळ्यांची बाटली ब्रशच्या ग्लासाशेजारीच होती.

ती मादी होती. शिकारीला माद्याच घेतात, त्या नरांपेक्षा मोठ्या असतात. आपण बहिरी ससाणा म्हणतो ती जात. सालेमच्या घरात तिला नाव नव्हतं. नुसतं तैर म्हणायचे, म्हणजे पक्षी. नाव असतं तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

पाडव्याच्या दिवशी मी ताट तयार करून बसले होते. सुपारी, अंगठी, निरांजन, सगळं. मिलिंद सहाला येतो म्हणाला होता. साडेआठला आला. केसांत वाळू, शर्टावर सरावाच्या शिकारीतल्या कबुतराचं पीस, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा. सईने कधीच मॅगी करून खाल्ली होती.

"सॉरी, सॉरी. तिने आज पहिल्यांदा इतक्या उंचावरून झेप घेतली ना, आणि माझा नेमका फोकस—"

"पाटावर बस," मी म्हटलं.

मी ओवाळलं. ओवाळताना तो माझ्याकडे बघत होता, पण त्याला अजून आकाशच दिसत होतं. त्याने ओवाळणी घातली तेव्हा नोटेबरोबर ते पीसही ताटात पडलं. त्याने ते उचललं आणि जपून खिशात ठेवलं.

त्या क्षणी मी ठरवलं की ही बया कोण आहे ते एकदा बघायचंच.

पुढच्या शनिवारी मी त्याच्याबरोबर गेले. शहराबाहेर अर्ध्या तासावर रस्ता संपतो आणि गाडीच्या चाकांतली थोडी हवा काढून वाळूत उतरायचं असतं. सालेम होता, त्याचे वडील होते. म्हातारा दुसऱ्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसलेला, दार उघडं, नवे गुडघे उन्हाकडे केलेले. तरुणपणी तो माल घेऊन गलबतावरून मुंबईला येत असे, त्यामुळे त्याचं हिंदी सालेमपेक्षा बरं होतं. "आओ, उम्म सई," तो म्हणाला. सईची आई. इथे बायकांना मुलांच्या नावाने हाक मारतात.

मी आमच्या गाडीतच बसून राहिले. रुसून आलेल्या माणसाने बसावं तशी.

सालेमच्या हातावर ती होती. डोळ्यांवर चामड्याची टोपी, त्यावर छोटा तुरा. टोपी काढली आणि तिने मान वळवली. मला वाटलं होतं ती सुंदर असेल आणि मला तिचा राग येईल. ती सुंदरबिंदर काही नव्हती. करड्या पाठीची, छातीवर आडव्या रेघांची, कामावर निघालेल्या बाईसारखी होती. तिने आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि आम्ही तिच्या कामाचे नाही हे तिला एका सेकंदात कळलं. मग ती गेली. उडाली म्हणावं तर पंखांचा आवाजसुद्धा आधी आला नाही. ती वर घिरट्या घालत होती तोवर सालेम लांब जाऊन, तिला खाली बोलवायला, पिसांचा एक गुंडा दोरीला बांधून फिरवत होता आणि ती उंचावरून त्याच्यावर अशी कोसळली की मी गाडीत बसल्या बसल्या ब्रेक दाबल्यासारखा पाय आवळला.

मिलिंदकडे पाहिलं. तो छोट्या स्क्रीनवर बघत होता, ओठ थोडे विलगलेले. त्या चेहऱ्याला नोकरी, व्हिसा, भाडं, माझे टोमणे यांतलं काहीच माहीत नव्हतं. मला पक्ष्यावर जळायला जमलं नाही. मी त्या चेहऱ्यावर जळले. माझा असा चेहरा शेवटचा कधी झाला होता? शेड बरोबर जुळली की मी फॉर्मवर टिकमार्क करते, तेव्हा माझा चेहरा कसा दिसतो हे मला कोणी सांगितलेलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी ती हरवली.

पिसांचा गुंडा सोडून ती कुठल्याशा रानपक्ष्याच्या मागे लागली आणि टेकाडापलीकडे दिसेनाशी झाली. तिच्या शेपटीला छोटा ट्रान्समीटर होता, त्यामुळे कोणी घाबरलं नाही. फोनवरच्या नकाशात ठिपका होता. दोन्ही गाड्या ठिपक्यापाशी गेल्या. तिथे काही नव्हतं. ठिपका मात्र हलायला तयार नव्हता. सालेम फोन बंद करून चालू करत होता. मिलिंद अँटेनाचा रिसीव्हर हातात धरून स्वतःभोवती फिरत होता आणि तो यंत्राचा टिक-टिक आवाज कुठूनही सारखाच येत होता. ऊन उतरायला लागलं. म्हाताऱ्याचा हात उघड्या दाराच्या काचेवर उगीचच वर-खाली होत होता.

मी गाडीच्या पायरीवर चढून उभी राहिले. समोर नुसती वाळू. लोक म्हणतात वाळू एकाच रंगाची असते. मला त्यात सहा लॉट दिसत होते. वाऱ्याकडची बाजू फिकी, उताराची गुलाबीकडे झुकलेली, झुडपांखाली ओलसर तपकिरी. आणि दूरच्या एका उतारावर, झुडपाच्या सावलीच्या कडेला, एक ठिपका, जो यांतल्या कशातच बसत नव्हता.

"मिलिंद, तो बघ. तिथे. तो लॉट वेगळा आहे."

"कुठे? काय लॉट?"

"झुडपाच्या डावीकडे. तो राखाडी आहे. ती सावली नाही."

त्याने लेन्स लावली, शोधलं, आणि लेन्सलाही दिसेपर्यंत बराच वेळ गेला. मग तो हळूच म्हणाला, "हो. आहे." त्या "हो"मध्ये आनंद होता, पण तो "आहे"पर्यंत टिकला नाही.

तिला परत आणल्यावर म्हातारा मिलिंदला म्हणाला, "तुम मशीन देखो. तैर ये औरत देखेगी."

सगळे हसले. मिलिंदही हसला.

त्या दिवसापासून सालेमचा फोन आला की तो विचारायचा, "उम्म सई आ रही है ना?" आणि मला सांगायला लाज वाटते, पण मी आठवडाभर त्या फोनची वाट पाहायला लागले. ऑफिसात डबा खाताना ससाण्यांचे व्हिडिओ पाहायचे. मॉलमध्ये जाऊन मी एक दुर्बीण घेतली आणि ती चार दिवस कपाटात पंजाबी ड्रेसच्या खाली लपवून ठेवली. मग बिनपट्ट्याची दुर्बीण अवघडते म्हणून पट्टा घेतला. वाळूत बूट भरतात म्हणून उंच बूट घेतले. ज्या टेबलावरच्या पसाऱ्यावरून मी बोलायचे, त्यावर एके दिवशी माझी दुर्बीण पुसायचं कापड पडलेलं होतं. सई ते पाहून म्हणाली, "ओह गॉड. बोथ ऑफ यू."

मिलिंद बदलत गेला ते मला आधी कळलं आणि मग आवडायला लागलं. तो म्हणायचा, "आज थकली असशील, राहू दे हवं तर." मी म्हणायचे, "छे, अजिबात नाही." मी म्हटलं की ती आज डाव्या बाजूने खाली येतेय, तर तो म्हणायचा, "रेकॉर्डिंग बघून सांगतो." घरी येऊन रेकॉर्डिंग बघायचा आणि मग सांगायचा नाही. मी ओळखलं. तीन महिने जे माझ्या पोटात होतं ते आता त्याच्या पोटात गेलं होतं. इतक्या वर्षांत मिलिंदने माझ्यावर रागावून, माझी काळजी करून, माझी चेष्टा करून झालं होतं. जळून कधी पाहिलं नव्हतं. ते बघणं वाईट होतं आणि मला ते हवंहवंसं वाटत होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला सालेम आणि त्याचे भाऊ निघणार होते. आदल्या दिवशी दुपारी आम्ही शेवटचं गेलो. कॉफी झाली. सालेमने मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला. "मिलिंद भाई, इस बार उधर मेरा कज़िन कैमरा करेगा. उसका सब पेपर रेडी है, तुम्हारा वीज़ा लंबा काम है. अगले साल इन्शाल्ला." मग थोडं थांबून, "वो बड़ा लेन्स… उसको देगा? बीस दिन."

आपल्याला नेतील असं मिलिंद कधी बोलला नव्हता. पण ऑफिसात रजा टाकून ठेवली होती हे मला माहीत होतं.

"हां, हां. ले जाओ," तो म्हणाला. "आजचं शूटिंग झालं की देतो," हे त्याने मराठीत म्हटलं, बहुतेक मला.

सूर्य खाली आला होता. सालेमने तिला शेवटचं उडवलं, परत घेतलं, टोपी घातली. तेव्हा म्हातारा गाडीतून म्हणाला, "उम्म सई, इधर आओ." त्याने आपला स्वतःचा हातमोजा काढून दिला, घामाने काळा पडलेला, कोपरापर्यंत येणारा.

मला माहीत होतं की मिलिंद तीन महिने या हातमोज्याकडे बघत होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, कारण त्याच्या हातात कायम कॅमेरा होता. त्या क्षणी मी म्हणू शकले असते की आधी मिलिंदला द्या. शब्द तोंडापर्यंत आलेही. मी हातमोजा चढवला.

"डरना नहीं," म्हातारा म्हणाला. "वो तुमको नहीं देखती, तुम्हारा हाथ देखती है."

सालेमने तिला माझ्या हातावर सरकवलं आणि टोपी काढली. मी श्वास रोखला. तिच्या डोळ्यात सगळं आकाश होतं आणि कडेला कुठेतरी मी असणार. वारा आला की ती पंख किंचित उघडायची आणि माझा अख्खा हात वर उचलला जातोय असं वाटायचं. मी मिलिंदकडे पाहिलं. तो दहा पावलांवर कॅमेरा लावून उभा होता, डोळा काचेला. रेकॉर्डिंग चालू असलं की त्या कॅमेऱ्याच्या पुढे लाल दिवा लागतो. घरी टेबलावर तो माझ्या ताटात लुकलुकायचा.

दिवा लागलेला नव्हता.

दोन मिनिटं मी तशीच उभी राहिले, तो तसाच उभा राहिला. मग सालेमने तिला घेतलं. मिलिंदने लेन्स काढली, दोन्ही बाजूंची झाकणं लावली आणि बॅगसकट देऊन टाकली.

परतताना डांबरी रस्ता लागल्यावर चाकांत हवा भरली आणि एका कॅफेटेरियासमोर गाडी लावली. हॉर्न वाजवला, दोन करक, म्हणजे इथले कडक दुधाळ, चहा आले. कागदी कप हातात घेऊन तो स्टीअरिंगकडे बघत बसला.

"तुझं रेकॉर्ड झालं नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"बॅटरी—"

"बॅटरी फुल होती, मिलिंद. सकाळी मीच चार्जिंगवरून काढली."

शेजारच्या गाडीतली लहान मुलं काचेला नाक लावून आमच्याकडे बघत होती.

"बोट बटणावर होतं," तो म्हणाला. "दाबलंच गेलं नाही. तू तिथे उभी होतीस आणि मला वाटलं, तीन महिने मी मरमर केली आणि…" त्याने कप खाली ठेवला. "घाणेरडं आहे हे. मला कळतंय."

"मी पण हातमोजा तुला देऊ शकले असते. आलं होतं मनात."

"मग?"

"दिला नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. पाडव्यापासून पहिल्यांदा त्याला मी मधे कुठलंही आकाश न येता दिसत असावे.

"पाडव्याला मी ते पीस जाळून टाकणार होते," मी म्हटलं. "तुझ्या खिशातून काढलंही होतं. ऑगस्टपासून मला कसं होत होतं, तुला काय सांगू."

"मग सांगायचं ना."

"तू नऊशे चाळीस, नऊशे पंचवीस करत होतास."

तो हसला. मीही हसले, पण दोघांचंही हसू लगेच विरलं. त्याने गाडी सुरू केली. घराच्या आधीचा मोठा सिग्नल लाल होता. समोर सिमेंटचे ट्रक रांगेत उभे होते आणि त्यांच्या मागच्या दिव्यांचा उजेड आमच्या काचेवर पसरला होता.

"कसं होतं गं?" तो समोर बघतच म्हणाला. "नखं जाणवतात? हातमोज्यातून?"

"जाणवतात."

"टोचतात?"

"टोचत नाहीत. दाबतात. म्हणजे, आपण तिला धरलंय असं वाटतच नाही. तिने आपल्याला धरलंय."

"किती जोरात?"

ते शब्दांत सांगता येईना. मी त्याचा डावा हात स्टीअरिंगवरून ओढून घेतला, मनगटाला माझी पाच बोटं लावली आणि आवळली.

"एवढं?"

"याहून जास्त."

"मग दाब ना."

मी दाबलं. सिग्नल हिरवा झाला, पुढचे ट्रक हलले, मागच्याने हॉर्न दिला. मिलिंदने एका हाताने गाडी पुढे काढली आणि दुसरा तसाच माझ्या मुठीत राहू दिला.